होडीवाल्यांसाठी लाइफ जॅकेट: घेतलं, घातलं, वजन बांधून बुडवूनही बघितलं

थेटच सांगते. घरातलं कोणी होडी घेऊन दर्यात जात असेल तर १०० न्यूटनचं, मानेमागे कॉलर असलेलं, आयआरएसचा म्हणजे इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग या जहाजं आणि त्यांचं सामान तपासणाऱ्या संस्थेचा शिक्का असलेलं फोमचं लाइफ जॅकेट घ्या, माणसागणिक एक. आम्ही घेतलं त्याच्याबद्दल हे लिहितेय. गोव्यात वास्कोला बोटीचं सामान विकणाऱ्या एका दुकानातून आणलं, सोळाशेच्या आसपास पडलं, आणि मी त्याला पाचपैकी साडेचार देतेय, अर्धा का कापला ते पुढे येईल. हे फिरायला येणाऱ्या टुरिस्टांसाठी नाहीये. शापोरा, तेरेखोल, मांडवी, साळ असल्या नद्यांच्या तोंडातून पहाटे बाहेर पडणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यांच्यापेक्षा जास्त त्यांच्या घरच्यांसाठी, कारण ही वस्तू बहुतेक वेळा घरची बाईमाणसंच विकत आणतात, होडीवाला स्वतःहून दुकानात जात नाही.

न्यूटनचं आधी बघू कारण दुकानात तिथेच गोंधळ होतो. १० न्यूटन म्हणजे साधारण एक किलोची उचल. मोठ्या माणसाचं डोकं पाण्यावर राहायला जास्तीची उचल लागते ती फक्त चारपाच किलोची, कारण अंग बरंचसं पाणीच पेलून धरतं. म्हणून लोक म्हणतात मग ५० न्यूटनचं पुरे की. पुरतं, पण कोणाला, तर ज्याला पोहता येतंय, जो शुद्धीवर आहे आणि ज्याला काढायला माणूस बाजूलाच आहे त्याला. कयाकिंगला वगैरे ते ठीक. ५० वालं तुम्हाला उताण्यावर वळवत नाही. बेशुद्ध होऊन पालथे पडलात तर ते तुम्हाला पालथंच तरंगत ठेवणार. १०० वाल्याचा फोम छातीवर जास्त असतो आणि मानेमागे कॉलर असते, त्यामुळे ते अंग फिरवून तोंड वर आणायला बघतं. खोल समुद्रात लांब जाणाऱ्यांसाठी १५० न्यूटन, आणि जड कपडे-अवजारं अंगावर असणाऱ्यांसाठी २७५. आपल्या काठाकाठाने जाळी टाकणाऱ्या होड्यांना १०० ही मला योग्य वाटलेली पायरी, कारण १५० चं फोमवालं इतकं जाड असतं की ते घालून जाळं ओढताच येत नाही, आणि मग ते होडीतल्या फळीखाली जाऊन पडतं.

फळीखाली. या सगळ्या लिखाणाचं मूळ तिथे आहे.

आम्ही पेडण्याकडचे. ताईचं घर शापोऱ्याच्या काठाला, भावजींची फायबरची होडी आहे, मागे आउटबोर्ड इंजिन, तारले बांगडे मिळतील ते, कधी सुंगटं म्हणजे कोळंबी. भावजी लहानपणापासून पाण्यात, नदी आरपार पोहून जाणारा माणूस. त्यांच्याकडे खलाशी म्हणून एक ओडिशाचा पोरगा आहे, विशी-बाविशीचा, डोंगराकडच्या गावचा, पोहायला अजिबात येत नाही. (आपल्याकडे ट्रॉलरवर आणि होड्यांवर काम करणारे किती पोरगे असे आहेत ते एकदा जेटीवर उभं राहून विचारून बघा, अंगावर काटा येतो.) ताईने दोन जॅकेटं आणली, पोराला दम दिला की हे घातल्याशिवाय होडीत पाय टाकायचा नाही, आणि त्याने ते इमानदारीत घातलं. भावजींचं फळीखाली गेलं. मला पोहता येतं, मला कशाला, हातात अडकतं.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती पण दर्या अजून शांत झाला नव्हता. परत येताना नदीच्या तोंडाला, जिथे रेती साचून बांध होतो तिथे, ओहोटी लागलेली. ओहोटीला नदीचं पाणी बाहेर धावतं आणि समोरून लाट आत येते, दोन्ही एकमेकांना भिडतात आणि लाट उभी राहून तिथेच फुटते, काठावरच्या सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट, तरी घरी यायची वेळ झालेली असते, मासळी खराब होत असते, इंजिन दमात असतं, आणि माणूस घालतो होडी. मागून आलेल्या लाटेने होडी आडवी केली आणि दुसरीने उलटी. उलटताना होडीची कड भावजींच्या खांद्यावर बसली. नदी आरपार पोहणाऱ्या माणसाचा उजवा हात त्या क्षणापासून कामातून गेला, वरून नाकातोंडात पाणी, जाळ्याचा एक पदर पायात.

आणि पोहायला न येणारा पोरगा वर तरंगतोय.

एरवी होडी उलटली तर होडीलाच धरून राहायचं हा नियम, सगळे शिकवतात आणि बरोबर आहे. पण इथे उलटी होडी प्रत्येक लाटेबरोबर यांच्याच अंगावर येत होती. पोराने तिला पायाने ढकललं, भावजींच्या शर्टाची कॉलर मुठीत धरली, दुसऱ्या हाताने पायातलं जाळं सोडवलं आणि त्यांचं डोकं स्वतःच्या छातीवर, जॅकेटच्या फोमवर टेकवून धरलं. "पात्रांव (म्हणजे मालक), मुंह उपर, मुंह उपर" एवढंच ओरडत होता म्हणे, लाट डोक्यावरून गेली की परत तेच. वर मी लिहिलं ना की डोकं वर राहायला माणशी चारपाच किलोची उचल लागते, आणि १०० न्यूटन म्हणजे दहा किलो. एका जॅकेटवर दोन माणसं जेमतेम टिकतात ती या हिशोबाने. ५० वालं असतं तर दोघांना पुरलं नसतं, हे मी नंतर रात्री बसून कागदावर मांडलं तेव्हा माझे हात थरथरत होते.

काठावरून कोणीतरी बघितलं. आमच्याच वाड्यावरचे एक काका, साठीच्या पुढचे, आयुष्यभर रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं ओढलेले, ते आपली होडी घेऊन निघाले. पहिल्यांदा जवळ गेले आणि परत फिरले, कारण फुटत्या लाटेत इंजिन चालू ठेवून जवळ गेलं तर पंखा पाण्यातल्या माणसांनाच कापणार आणि बंद केलं तर ती होडी पण उलटणार. काठावरच्या बायकांना वाटलं की हे सोडून आले, रडारड सुरू झाली. ते सोडून आले नव्हते. त्यांनी लाट फुटते त्या जागेच्या बाहेरच्या बाजूला नांगर टाकला, होडीचं नाक लाटेकडे ठेवलं, आणि नांगराचा दोर हळूहळू सैल सोडत होडी मागे मागे पाण्यातल्या दोघांकडे येऊ दिली, इंजिन बंद. मग रिकामा डिझेलचा कॅन दोराला बांधून सोडला, तो लाटेबरोबर यांच्यापर्यंत वाहत आला. पोराने दोर धरला आणि आधी भावजींच्या बगलेतून घेऊन बांधला. स्वतःच्या नाही. ज्याला पोहता येत नाही तो माणूस हातात आलेला दोर दुसऱ्याला बांधतो आणि स्वतः फक्त जॅकेटवर तरंगत थांबतो, दोर परत येईपर्यंत. मी त्याला नंतर विचारलं तुला भीती नाही वाटली का, तर म्हणाला वाटली, खूप, पण जॅकेट धरून ठेवत होतं ना ताई.

१०८ आली, भावजींना बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं, खांदा निखळलेला होता तो बसवला, आणि छातीत पाणी गेल्यामुळे डॉक्टरांनी दोघांनाही थांबवून घेतलं, पोराला काही होत नव्हतं तरी. हे लक्षात ठेवा, पाण्यातून काढलेला माणूस बोलायला लागला, चहा प्यायला म्हणजे झालं असं नसतं, फुफ्फुसात पाणी गेलं असेल तर त्रास काही तासांनंतरही सुरू होऊ शकतो. घरी आणून गादीवर झोपवू नका.

आता जॅकेटचे गुणदोष. घरी आल्यावर ताईने आणि मी ते नीट बघितलं, आणि ताईकडे जुनं एक स्वस्तातलं होतं, किनाऱ्यालगतच्या एका दुकानातून घेतलेलं, ते पण काढलं. दोन्ही रात्रभर पिंपात बुडवून ठेवली. सकाळी भरतीच्या पाण्यात नेऊन वाण्याकडची लोखंडी वजनं बांधली. नव्याला दहा किलोचं बांधलं तरी तरंगत राहिलं, थोडं आत गेलं पण बुडालं नाही. जुन्याला पाच किलोचं बांधलं आणि ते सरळ खाली गेलं, बुडबुडे काढत. वर काढून शिवण उसवली तर आत एकसंध फोमच नाही, पॅकिंगचे तुकडे भरलेले, पाणी पिऊन लगदा झालेले. जहाजांवर लागणाऱ्या सोलास (समुद्रावरच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) जॅकेटचा नियम असा की २४ तास पाण्यात ठेवलं तरी त्याची उचल ५ टक्क्यांपेक्षा जास्त कमी होता कामा नये. आपलं जॅकेट सोलासचं नाही, पण कसोटी म्हणून ते डोक्यात ठेवा, आणि तुमच्या घरात जे काही नारिंगी टांगलेलं असेल ते आजच बुडवून बघा. कंबरभर पाण्यात, बाजूला दोन माणसं ठेवून, जॅकेट घालून अंग सैल सोडून पालथं पण पडून बघा. मी पडले. नव्याने मला वळवलं, झटकन नाही, थोडा वेळ घेऊन, पण नाक वर आलं. जुनं तर आता कचऱ्यातच गेलंय.

अर्धा तारा कापला तो पायांमधून जाणाऱ्या पट्ट्यासाठी. तो या जॅकेटला नाहीच. पोरगा सांगतो की प्रत्येक लाटेला जॅकेट वर सरकून कानापर्यंत येत होतं आणि एक हात ते खाली ओढण्यात जात होता, ज्या हाताने माणूस धरायचा तो. आम्ही म्हापशाच्या बाजारातून नायलॉनचा पट्टा आणि बकल आणून शिंप्याकडून मागे-पुढे लूप शिवून घेतले, फोमला कुठेही भोक न पाडता, फक्त कापडाच्या कडेला. कंपनीने हे द्यायला हवं होतं, शंभर रुपयांचंसुद्धा काम नाहीये. शिट्टी आहे, आत गोळी नसलेली, म्हणजे पाणी गेलं तरी वाजते, हे चांगलं, फक्त दोरी इतकी आखूड की तोंडापर्यंत नेताना मान वाकवावी लागते. खांद्यावरच्या चमकणाऱ्या पट्ट्या खाऱ्या पाण्याने कडेला सुटायला लागल्यात, अंधारात टॉर्चच्या उजेडात डोकं दिसतं ते त्या पट्ट्यांमुळे, त्यामुळे सुटल्या की परत शिवून घ्यायच्या. बकल प्लास्टिकचे आहेत, छान आहेत, लोखंडी स्प्रिंगवाले घेऊ नका, आपल्या हवेत एका पावसाळ्यात गंजून बसतात.

काम करताना कसं वाटतं हा खरा प्रश्न. भावजी आता घालतात, अर्थात, आणि त्यांचं म्हणणं असं की बगलेची कापणी मोठी आहे त्यामुळे जाळं ओढताना हात मोकळा फिरतो, पण छातीचा फोम होडीच्या काठावर टेकतो तेव्हा वाकायला अडचण होते. गरम होतं. एप्रिल-मेमध्ये खूपच होतं. आतून सुती बनियन घातला तर घामाने काचत नाही. माप बघून घ्या, छातीच्या मापाने मिळतं, "फ्री साइज" म्हणून देत असतील तर घेऊ नका, बारीक अंगाच्या पोराच्या अंगातून ते लाटेत निघून जातं.

हवा भरणारी जॅकेटं पण बघितली आम्ही. दिसायला नुसता गळ्यातला पट्टा, घातल्यासारखं वाटतच नाही, पाण्यात पडलं की ३३ ग्रॅमच्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरने फुगतं आणि १५० न्यूटनचं होतं. शिडाच्या बोटीवर, पायलट बोटीवर ते घालतात आणि तिथे ते योग्यच आहे. आपल्याला मी नाही सांगणार. किंमत फोमच्या चौपट-पाचपट, गळ आणि सुरी आणि माशांचे काटे यांच्यात दिवसभर राहून कुठे बारीक भोक पडलं तर कळणार कधी, तर पाण्यात पडल्यावर. काहींमध्ये विरघळणारी गोळी असते, ती आपल्या पावसाळी हवेत ओल धरून नको तेव्हा फुगते. आणि एकदा फुगलं की सिलिंडर नवीन. फोमला काही करावं लागत नाही, गोड्या पाण्याने धुवायचं, सावलीत वाळवायचं, पेट्रोल सांडू द्यायचं नाही, आणि उशाला किंवा बसायला घ्यायचं नाही. होडीत सगळे तेच करतात, जॅकेटवर बसतात, आणि फोम चेपून त्याची उचल कमी होत जाते.

वाड्यावर सगळे म्हणाले देव तारी त्याला कोण मारी. देवाचं आहेच, आम्ही सातेरीला ओटी भरली. पण मला दुसरंही म्हणायचंय. अभिलाष टॉमी, तेव्हा आपल्या नौदलात असलेले, २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत एकटे जगाला वळसा घालत होते, हिंदी महासागराच्या दक्षिण भागात २१ सप्टेंबरला वादळात त्यांच्या बोटीची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला इतका मार बसला की चालता येईना. जवळपास कोणी नाही, ऑस्ट्रेलियाचा किनारा हजारो किलोमीटर लांब. तीन दिवस ते आत बिछान्यावर पडून होते. त्यांची बोट 'थुरिया' मात्र तरंगत राहिली. ती गोव्यात बांधलेली, रत्नाकर दांडेकरांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये, ज्यांनी नौदलाच्या 'म्हादेई' आणि 'तारिणी' या शिडाच्या बोटी पण बांधल्या. डोलकाठी गेली पण बोटीचं अंग फुटलं नाही, संदेश पाठवायचं यंत्र हाताशी होतं, ऑस्ट्रेलियाने शोध चालवला, आपलं विमान वरून गेलं, आणि २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' नावाच्या, मासेमारीवर गस्त घालणाऱ्या फ्रेंच बोटीने त्यांना काढलं.  आणि मग पाठीत धातूच्या सळ्या घालून त्याच माणसाने तीच शर्यत परत केली, २०२३ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने पुरी केली. हिंमत अफाट, पण त्या हिंमतीला वेळ मिळवून दिला तो न बुडणाऱ्या बोटीने आणि रस्ता बदलून आलेल्या माणसांनी. आमच्या पोराच्या हिंमतीलाही वेळ मिळाला तो फोममुळे, आणि काकांच्या दोरामुळे. जॅकेट तुम्हाला काठावर आणत नाही हे कृपा करून समजून घ्या. ते फक्त थांबवून ठेवतं, आणायला माणूसच लागतो.

म्हणून जॅकेटबरोबर बाकीचं पण करा. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर मोबाइलमध्ये आणि होडीच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा, किनारी पोलिसांचा १०९३, आणि ११२ आहेच. फोन वॉटरप्रूफ पाउचमध्ये गळ्यात, डब्यात नाही, डबा वाहून जातो. लांब जाणाऱ्या बोटींसाठी इस्रोने बनवलेलं डॅट नावाचं यंत्र आहे, संकटात बटण दाबलं की उपग्रहावरून तटरक्षकांना जागा कळते, आणि नव्या पिढीच्या यंत्रात संदेश पोचल्याची खूण बोटीवरच्या माणसाला परत मिळते. पारंपरिक आणि मोटर लावलेल्या होड्यांना सेफ्टी किट देण्याची सोय २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत केली होती, आता काय मिळतं ते तुमच्या तालुक्याच्या मत्स्योद्योग खात्याच्या कचेरीत जाऊन विचारा, कागद मागतील ते द्या, पण मंजुरी येईपर्यंत जॅकेट नाही म्हणून थांबू नका.

दुकानाबद्दल: माणूस जाणकार आहे, पण मागितल्याशिवाय आयआरएसवालं दाखवत नाही, आधी स्वस्तातलं काढतो, कारण बहुतेक गिऱ्हाईक तेच मागतं. सरळ शिक्का दाखवा म्हणून सांगायचं, तो आतल्या बाजूला कापडावर छापलेला असतो, सोबत न्यूटन, छातीचं माप, वजनाची मर्यादा आणि बनवल्याचं वर्ष. वर्ष बघाच. बदलून द्यायला कटकट केली नाही, एक माप मोठं आणलं होतं ते पावतीवर बदलून दिलं. मोठ्या मापाची ऑगस्टच्या सुमाराला संपतात, पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली की ट्रॉलरवाले एकदम उचलतात, त्यामुळे जूनमध्येच जाऊन आणा. आणि खलाशाचं माप वेगळं घेऊन आणा, त्याला बरोबर घेऊन गेलात तर उत्तम, आम्ही या वेळी त्याला नेलं होतं आणि त्याने स्वतः घालून, हात वर करून, वाकून, मगच हो म्हटलं.